फळ्यावरच्या लाल रेघा

बसा निवांत, घाईत असाल तर ही गोष्ट तुमच्यासाठी नाही. एका फळ्याची गोष्ट सांगतो. तिच्यात लबाड माणूस शोधून सापडायचा नाही. कायदा चांगल्या मनाने केलेला, कचेरीतली बाई सरळ, कारागीर सगळे खरं बोलणारे. आणि तरी असा काही विचका झाला की ऐकून तुम्हीच डोकं धराल.

सावकाशमामा म्हणून एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. खरं नाव वेगळं, पण ते आता त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं. उभा जन्म लिफ्टच्या त्या उभ्या भुयारात गेला, कोपरापर्यंत ग्रीस. नवा कारागीर पाना घेऊन तरातरा पुढे झाला की मागून आवाज यायचा, "सावकाश." म्हणून हे नाव. मामी सांगते, "पोरीच्या वेळी मी दवाखान्यात कळा देतेय आणि हा दाराबाहेरून ओरडतोय, सावकाश, सावकाश! उठता आलं असतं ना, तर तिथेच हाणला असता."

तर मामा ज्या वर्कशॉपात कामाला होता तिथे चहाच्या टेबलामागे एक काळा फळा होता. कुठल्या इमारतीत कुठलं मशीन अडलं, काय झालं, ते तिथे खडूने लिहायचं. ज्याला उत्तर माहीत असेल त्याने खाली लिहायचं. साधं काम. एकदा काय झालं, एकाने सकाळी एक उत्तर लिहिलं. दुपारी त्याचं त्यालाच कळलं की हे चुकलं. लाज वाटली बिचाऱ्याला, कुणी बघायच्या आत त्याने ते पुसून टाकलं. पण सकाळी एकाने ते वाचलेलं होतं. तो वाचून कामावर गेला आणि दोन बोटं तिथेच ठेवून आला.

त्या दिवसापासून वर्कशॉपात नियम झाला. चुकीचं उत्तर पुसायचं नाही. त्याच्यावर आडवी लाल रेघ मारायची, शेजारी लिहिणाऱ्याचं नाव तसंच ठेवायचं, आणि बरोबर उत्तर त्याच्या खाली. म्हणजे कसं, नुसतं 'हे कर' वाचलेला माणूस उद्या विसरेल. पण 'अमक्याने असं केलं आणि वाचला म्हणून नशीब' हे वाचलेला विसरत नाही. नव्या माणसाला तर आधी लाल रेघाच वाचायला बसवायचे. आणि गंमत बघा, रेघ खायची लाज कुणाला राहिली नाही. उलट ज्याच्या नावावर एकही रेघ नाही त्याला विचारायचे, "काय रे, काम करतोस की नाही तू?"

पुढे वर्कशॉप बंद पडलं, कारागीर चारी दिशांना पांगले. तेव्हा मामाच्या मुलीने फळा उचलून इंटरनेटवर टाकला. मुलगी कॉम्प्युटरवर काम करते, बापासारखीच हट्टी. रंग काळाच ठेवला तिने, अक्षरं खडूसारखी, आणि चुकीच्या उत्तरावर मारायला लाल रेघ. जगात कुठेकुठे गेलेले लिफ्टवाले तिथे यायला लागले. मशीनरूममध्ये उभं राहून एका हाताने बॅटरी धरायची, दुसऱ्या हाताने फोनवर फळा वाचायचा. कंपन्या बुडाल्या, त्यांची मशीनं अजून चालू आहेत, आणि त्या मशीनांचं सगळं शहाणपण त्या एका फळ्यावर. मामाने स्वतःच्या डोक्यात काही साठवणं सोडूनच दिलं होतं. म्हणायचा, "फळ्यावर आहे ना? मग माझ्या टाळक्यात कशाला जागा अडवू?"

आता कायद्याकडे येतो.

कुठेतरी एका पोराने नेटवर बघून बंद खोलीत काहीतरी उकळलं आणि डोळे घालवले. पेपरात त्याचा फोटो आला. मामीने तो पेपर उलटा करून ठेवला, बघवेना तिला. सगळीकडे एकच बोलणं, की नेटवर कुणीही काहीही लिहितं, ह्याला कुणीतरी वेसण घाला. मामाही म्हणाला, कायदा पाहिजेच. झाला कायदा. आणि थोड्या दिवसांनी मामाच्या घरी सरकारी पत्र आलं.

मुलगी जेवता जेवता वाचून दाखवत होती. "ज्या पानावर लोक लिहितात, त्या पानाला 'धोकादायक मजकूर' असं तक्रारीचं बटण हवं. तक्रार आली की तो मजकूर एका दिवसात काढायचा. नाही काढला तर पान चालवणारा जबाबदार."

"पान कोण चालवतं?" मामाने विचारलं.

"तुम्ही."

"मी तर फक्त वाचतो."

"कागदावर नाव तुमचं आहे, बाबा. मीच टाकलं होतं, मान म्हणून."

मामी म्हणाली, "घ्या. घरात मान नाही म्हणून पोरीने बाहेर दिला, तर तिथे पोलीस."

"पोलीस नाही गं आई. हा नुसता फॉर्म आहे. 'आपल्या सेवेचा बालकांवर होणारा परिणाम थोडक्यात लिहा.'"

मामाने चावणं थांबवलं. "ब्रेकच्या नटाचा बालकांवर काय परिणाम?"

"झोप येते म्हणून लिही," मामी म्हणाली. "मला येते."

हसून झालं. मुलीने बटण बसवलं, फॉर्म भरला, विषय संपला असं तिला वाटलं. पण मामाच्या डोक्यात तो किडा वळवळत राहिला. सरकारला धोकादायक मजकूर कळायला हवाय. आपल्या फळ्यावर तर तो भरपूर आहे, लाल रेघा मारून ठेवलाय. मग लपवायचं कशाला? मुलीला न विचारता त्याने फळ्यावर सगळ्यांना निरोप लिहिला: "सरकारने चांगला कायदा केला आहे. आपण आधीपासून तेच करतो. ज्याने त्याने आपापल्या चुकीच्या उत्तरापाशी जाऊन नवीन बटण दाबावे. कुणी मागे राहू नये."

आता दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांनी हे वाचून बोटही हलवलं नसतं. स्वतःविरुद्ध तक्रार कोण करतं? पण हे लिफ्टवाले. ह्यांना चूक कबूल करायची सवय हाडात गेलेली. सगळे तुटून पडले. एक म्हातारा, ज्याला फोन नीट धरता येत नाही, त्याने सुनेला बसवून आपली एकूणएक उत्तरं शोधून काढली. आणि स्प्रिंग म्हणून एक कारागीर आहे, काडीसारखा अंगाने आणि बोलायला लागला की उसळतो. त्याने आपलं उरकलं, जे वारलेत त्यांचंही उरकलं, आणि मग फोन करून करून बाकीच्यांना आठवण करून दिली, "अरे तुझी ती वायरवाली राहिली की!"

बरं, बटण दाबलं की एक चौकट उघडायची, 'तक्रारीचे कारण लिहा' म्हणून. ह्या लोकांनी काय लिहावं? "हे मीच लिहिले. साफ चूक. असे केल्यास माणूस जातो." "वरील उत्तर माझे. ह्याने माझा खांदा निखळला." "मूर्खपणा. खाली नाव आहेच."

सकाळी मामाने चष्मा लावून फळा उघडला तर फळा नाही. पांढरं पान, आणि त्यावर एक ओळ: नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी हे पान बंद करण्यात आले आहे.

मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा, असं काही करायच्या आधी मला एक हाक मारायची होती ना!"

"तू झोपली होतीस."

"उठवायचं!"

"अगं, मी त्यांना मदतच करत होतो."

"तिकडे माणूस नाही बसलेला बाबा, मशीन आहे. मशीनने बघितलं, एका पानावर एका दिवसात एवढ्या तक्रारी, आणि प्रत्येक तक्रारीत 'माणूस जातो' असं लिहिलेलं. त्याला वाटलं इथे खून चाललेत."

फोन सुरू झाले. कारागीर अडकून पडले होते ठिकठिकाणी. स्प्रिंग तर पहिल्या वाक्यातच भडकला. "मामा, मी एका भुयारात उभा आहे, डोक्यावर लिफ्टची गाडी लोंबकळतेय आणि फळा म्हणतो माझ्या सुरक्षिततेसाठी बंद! कुणाला शिव्या देऊ ते सांगा, नाव सांगा फक्त."

"सावकाश."

"सावकाश गेलं खड्ड्यात!"

मामा कचेरीत गेला. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने सांगितलं की हे सगळं ऑनलाइनच होतं, तुम्ही तुमच्या पानावरून अर्ज करा. मामा म्हणाला, पान तुम्ही बंद केलंय. खिडकीतला माणूस म्हणाला, मग ते चालू झालं की करा. मामाने एवढं आयुष्य अडकलेल्या लिफ्टच्या बाहेर उभं राहून आतल्या माणसाला धीर देण्यात घालवलेलं, पण त्या दिवशी त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तिथल्या बाकावर तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही गेला, बसला. शेवटी आतून एक अधिकारीण बाहेर आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कालही इथेच होता ना? आत या."

बाई बरी होती, हे सांगायला पाहिजे. पाणी दिलं, ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही. फळा काय, लाल रेघ काय, त्या दोन बोटांचं काय झालं होतं, मामाने सगळं सांगितलं. ऐकताना तिने पेन खाली ठेवलं होतं.

"म्हणजे चुका ठेवल्या म्हणून तुमची माणसं वाचतात," ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय मॅडम."

"आता मी तुम्हाला एक दाखवते." तिने आपल्या कॉम्प्युटरचं तोंड मामाकडे फिरवलं. साध्या माणसाने विचारावं तसं तिने टाइप केलं, की लिफ्टचं दार लागत नाही, काय करू. उत्तरांची रांग आली. सगळ्यात वर मामाचा फळा. पान बंद होतं, पण शोधणाऱ्या यंत्राने त्याच्या दोन ओळी आधीच उचलून ठेवल्या होत्या: 'दार लागत नसेल तर लॉकच्या मध्ये वायरचा तुकडा टाका, लिफ्ट चालू होईल.'

"ह्याच्यावर लाल रेघ आहे," मामा म्हणाला.

"कुठे आहे?"

मामाने चष्मा पुसून बघितलं. रेघ नव्हती. फळ्यावर होती, पण इथे यंत्राने अक्षरं तेवढी उचलली होती आणि रेघ तिथेच राहिली होती. खालचं बरोबर उत्तरही नव्हतं. नुसती चूक, स्वच्छ, सगळ्यात वर.

"एका इमारतीतल्या गृहस्थांनी हे वाचलं," बाई म्हणाली. "रखवालदाराला सांगितलं तसं कर. दार उघडं आणि गाडी निघाली. रखवालदार मागे पडला म्हणून बरं, पुढे पडला असता तर? ती तक्रार ह्या ढिगात आहे, काका. तुमच्या लोकांनी केलेल्यांपैकी नाही ती."

मामा त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसला. लॉकमध्ये वायर टाकायची म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? दार उघडं असताना लिफ्टला वाटतं दार बंद आहे. ज्या चुकीपासून वाचवायला फळा, ती चूक फळ्यानेच कुणाच्या तरी हातात दिली होती.

तो म्हणाला, "मग असं करू. आधी 'चूक' असं मोठं लिहू, मग उत्तर."

"काका, नियमात दोनच रकाने आहेत. ठेवला किंवा काढला. 'चूक म्हणून ठेवला' असा रकाना नाही."

"मग करा ना एक रकाना! दोन रेघा मारल्या की रकाना होतो!"

"माझ्या हातात असतं तर आत्ता केला असता. मी वर लिहून पाठवलंय. पोच आली."

"आणि उत्तर?"

"पोच आली," बाई पुन्हा म्हणाली. तिच्या आवाजात मामाला, अडकलेल्या माणसाला धीर देतानाचा स्वतःचाच आवाज ऐकू आला.

कुलूप लावून फक्त कारागिरांना आत घ्यायचं का, तेही मामाने विचारलं. बाई म्हणाली, मग प्रत्येकाचे ओळखीचे कागद तुम्ही तपासायचे, तुम्ही सांभाळायचे, आणि आतल्या मजकुराला कायदा तोच. मामाच्या निम्म्या कारागिरांकडे एकेकाळच्या, बुडालेल्या कंपनीच्या बिल्ल्याशिवाय कागद नाही. ते दारही बंद झालं.

शेवटी ठरलं. ज्यांच्यावर तक्रार आहे ती सगळी उत्तरं काढायची, मग पान उघडेल. बाईने एक कागद पुढे केला. 'सदर मजकूर कायमचा काढून टाकला असून कोणत्याही स्वरूपात जतन केलेला नाही.' मामाने तो ओठ हलवत दोनदा वाचला आणि सही केली.

घरी आल्यावर खरं भांडण झालं.

मुलगी म्हणाली, "काढायच्या आधी सगळ्याची एक नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर ठेवते."

"नाही."

"बाबा, कोण बघायला येणारे?"

"मी सही केलीय. कोणत्याही स्वरूपात नाही, असं लिहिलंय. त्या बाईला मी तोंडावर शब्द दिलाय."

"अहो, ती वाक्यं छापलेली असतात! सगळेच सह्या करतात, कुणी पाळत नाही!"

"मग लॉकमध्ये वायर टाकणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय? तोही म्हणतो, कोण बघायला येणारे?"

मुलीचे डोळे भरले. रागाने भरले, दुःखाने नाही. "तो रखवालदार तुमच्या मनाला लागलाय, मला कळतंय. पण तुम्ही नियम पाळताय की स्वतःला शिक्षा देताय?"

मामाने चष्मा काढून खाली ठेवला. मामी मध्ये पडली, "अगं, ठेव ना गुपचूप, ह्यांना कशाला सांगतेस?" तर मुलगी आईवर उसळली, "एकमेकांना न सांगता काही केलं की काय होतं ते आत्ताच बघितलं ना आपण! ह्या घरात आता कुणी कुणाला न सांगता काही करायचं नाही."

ती बापाचीच मुलगी. नक्कल ठेवली नाही तिने. पुसायचं कसं तेवढं दाखवलं आणि तोंड फिरवून बसली.

भर दुपारी मामा एकेक उत्तर पुसत बसला. पुसायच्या आधी मोठ्याने वाचायचा. 'गाडी रिकामी आहे, ब्रेक सोडला की खाली येईल.' ह्याच्यावर तर सगळे पोट धरून हसले होते, कारण रिकामी गाडी खाली येत नाही, वर धावते, दुसऱ्या टोकाचं वजन जड असतं. ज्याने लिहिलं होतं तो गाडीच्या टपावर बसून छतापर्यंत गेला होता आणि मान वाकवून जिवंत परतला होता. पुसलं. मग ज्याने दोन बोटं गेली ते उत्तर आलं, नियम झाल्यावर पुन्हा लिहून रेघ मारलेलं. तिथे मामाचा अंगठा बराच वेळ हवेत राहिला. पुसलं. मुलीची पाठ तशीच त्याच्याकडे.

फळा उघडला. वर कोपऱ्यात हिरवी खूण आली, 'सुरक्षित पान'. मामीने टाळ्या वाजवल्या आणि एकटीच वाजवतेय बघून थांबली.

आणि मग कारागीर यायला लागले वाचायला. आता ऐका काय झालं ते. चुकीची उत्तरं गेली, बरोबर उत्तरं राहिली. पण फळ्यावर बरोबर उत्तर लिहायची रीत कशी होती? चुकीच्या उत्तराच्या खाली, त्याला उद्देशून. त्यामुळे पानभर असं सगळं उरलं होतं:

'नाही रे बाबा, मरशील.'

'ह्याच्या उलट कर.'

'वरचा शहाणा म्हणतो तसं सोडून काहीही चालेल.'

'बरोबर आहे, फक्त तिसरी गोष्ट करू नकोस.'

स्प्रिंगचा फोन आला. "मामा, अभिनंदन. आपला फळा आता एकदम सुरक्षित झालाय. मी प्रश्न विचारला की तो मला सांगतो, उलट कर. कशाच्या उलट, ते सरकारला विचारू?"

मामाने सगळ्यांना हात जोडून लिहिलं, बाबांनो, ज्याला जे आठवतंय ते पुन्हा पूर्ण लिहा, सरळ लिहा. दोघातिघांनी सुरुवात केली. पण आता नवीन काही लिहिलं की नव्या नियमाप्रमाणे खाली एक खूण करावी लागायची: मी ह्या विषयातला तज्ज्ञ आहे आणि परिणामांची सर्व जबाबदारी माझी. आता सांगा, जो माणूस शेजारी नाव ठेवून चूक लिहायला कधी लाजला नाही, तो सुद्धा स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायला लाजतो. आणि सगळी जबाबदारी? ज्या मशीनाचा फोटोही आपण बघितलेला नाही त्याची? लिहायला बसलेल्यांनी हात वर केले. त्या म्हाताऱ्याने लिहिलं, 'मी तज्ज्ञ नाही, मला तीन वेळा शॉक बसलेला आहे,' ते यंत्राने घेतलंच नाही. लिहिणं थांबलं.

मामा पुन्हा कचेरीत गेला. बाईची बदली झाली होती. तिच्या जागी जो होता त्याने हिरवी खूण बघितली आणि म्हणाला, "तुमचं तर सगळं नियमात आहे. मग तक्रार कसली?" मामा जिना उतरून घरी आला. मामीला म्हणाला, "माझं सगळं नियमात आहे." त्या दिवशी त्याने जेवताना एकदाही सावकाश म्हटलं नाही, मामीनेच लक्षात आणून दिलं.

आणि मग परवा स्प्रिंगचा फोन आला. ह्या वेळी आवाजात उसळी नव्हती.

"मामा, त्या जुन्या हिरव्या मशीनपाशी उभा आहे. ब्रेकला दोन नट. एक मोटरच्या अंगाला, एक चाकाच्या. आधी कुठला सैल करायचा?"

ते मशीन फार थोड्या ठिकाणी उरलंय. त्याच्या ब्रेकचा एक नट आधी सोडला तर पकड हळूहळू ढिली होते. दुसरा आधी सोडला तर पकड एका झटक्यात जाते आणि गाडी सुटते. त्या इमारतीत गाडीला अडवून धरायला धड हूकही नाही.

"फळा बघ," मामा सवयीने बोलून गेला.

"बघितला. लिहिलंय, 'चूक. आधी दुसऱ्या बाजूचा सोड.' एवढंच. वरचं गेलेलं आहे."

"कुणी लिहिलंय ते?"

"तुम्ही."

मामाने डोळे मिटले. त्याला तो प्रश्न आठवत होता. दोन्ही उत्तरं आठवत होती, एक मोटरचं, एक चाकाचं, दोन्ही सारख्याच ठसक्यात लिहिलेली. त्यांतलं एक त्याचं स्वतःचं. वरचं लिहिणाऱ्याला ह्या जगातून जाऊन बराच काळ झालाय. सगळं काही आठवत होतं, फक्त लाल रेघ कशावर होती ते आठवत नव्हतं. हाताने ब्रेक धरल्यासारखं करून बघितलं, मनातल्या मनात नट फिरवून बघितला. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

"मामा? आहात ना? मोटरचा सोडू का?"

"हात लावू नकोस."

"चाकाचा?"

"हात लावू नकोस म्हटलं ना! पाना खाली ठेव. बाहेर ये. लिफ्ट बंद म्हणून पाटी लाव."

"वर एक आजी आहेत मामा, पाय काम देत नाहीत त्यांचे. दवाखान्यात न्यायचंय त्यांना. घरचे माझ्या अंगावर येतायत, म्हणतात एवढं मशीन माहीत नाही तर आलास कशाला."

"त्यांना सांग, माहीत होतं. आणि आजींना खुर्चीत बसवून उचलून खाली आणा, तूही एक खांदा लाव. पण त्या नटाला हात लावलास तर मी तिथे येऊन तुझी बोटं मोडीन, मशीनने मोडायच्या आधी."

स्प्रिंगने फोन ठेवला. आजींना चौघांनी मिळून उतरवलं, नीट उतरवलं. पण त्यांना पुन्हा वर न्यायचंय, पुन्हा खाली आणायचंय, आणि लिफ्ट आहे तिथेच आहे. मामा ओळखीतल्या प्रत्येक जुन्या कारागिराला फोन करतोय. कुणी म्हणतं मोटर, कुणी म्हणतं चाक. दोन्हीकडे माणसं सारखीच, दोन्हीकडे शपथा सारख्याच.

म्हणून तुम्हाला बसवलं. तुमच्या नात्यात, शेजारात, कामाच्या ठिकाणी कुणी जुना लिफ्टवाला असेल तर त्याला एवढं विचारा, हिरव्या मशीनच्या ब्रेकचा आधी कुठला नट, आणि त्याने हे स्वतः करून बघितलंय की नुसतं ऐकलंय. चुकलेला असेल तर त्याचं चुकलेलंही विचारून घ्या, काय केलं आणि मग काय झालं ते. आणि मामाला फोन करून सांगा. लिहून मात्र पाठवू नका.